थोनच्या नावाचा भात

ही गोष्ट मला रंगवून सांगता येणार नाही. जशी घडली तशी सांगतो.

ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. रात्री-बेरात्री नाही, बहुतेक सगळी भर दुपारी, लख्ख उन्हात. एक प्रसंग तिच्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आणि शेवटचा, पहाटेचा, मी तिच्या शेजारी उभं राहून ऐकला...

म्हणजे, जे ऐकू यायला हवं होतं, ते आलं नाही.

ज्याला पटत नाही त्याने खुशाल हसावं. आधी मीही हसलो होतो.

साल अठ्ठ्याण्णव. भाद्रपदातला पितरांचा पंधरवडा लागला तो दिवस. गाव आमचंच, कंबोडियातलं त्रापांग स्वाय. सिएम रीपहून निघालेला डांबरी रस्ता जिथे दम तोडतो आणि लाल चिखल सुरू होतो, तिथून आणखी आत.

मावशीचं नाव सारेत. गावामागच्या जंगलात नऊशे वर्षांचं दगडी देऊळ आहे, आम्ही त्याला नुसतं प्रासात म्हणतो. आधी ते शंकराचं होतं, मग बुद्धाचं झालं, मग वडाच्या मुळांचं. त्या वर्षी त्याच्या दुरुस्तीचं काम परत सुरू झालं होतं. मी दगड उचलणाऱ्या टोळीत होतो आणि मावशी टोळीचा स्वयंपाक करायची.

परत म्हणालो, कारण हे काम एकदा अर्ध्यावर मोडलं होतं.

लढाईच्या आधीची गोष्ट. देवळाचा दक्षिणेकडचा मनोरा कलला होता. तो कोसळायच्या आत उतरवायचा, खालचा पाया पक्का करायचा आणि तेच दगड पुन्हा चढवायचे, असं ठरलं. दगडांवर रंगाने आकडे टाकले. एकेक दगड उतरवून जंगलातल्या गवतात रांगेने मांडला. त्या पाथरवटांत मावशीचा नवरा होता. थोन.

मनोरा उतरला, आणि लढाई आली. दगड गवतातच राहिले, नकाशे जळून गेले.

थोनकाकाचं पुढे सांगतो. आधी त्या मनोऱ्याचं सांगायला हवं.

त्याच्या पोटात एक खोली होती. चार माणसं उभी राहिली की दाटी व्हायची. आमच्या जुन्या कारागिरांना कमान घालता येत नव्हती. ते दोन्ही भिंतींवरून दगड थोडा थोडा पुढे सरकवत न्यायचे, वर जाऊन दोन्ही बाजू एकमेकींना भेटेपर्यंत. चुना नाही, माती नाही. दगड दगडावर घासून घासून बसवलेला. थोनकाका म्हणायचा, घासलेला दगड त्याच्या शेजाऱ्यालाच बसतो, दुसऱ्या कुणाजवळ नेला तर फट राहते.

त्या खोलीत टाळी वाजवली तर काही व्हायचं नाही. घसा फोडून ओरडलं तरी नाही. पण भिंतीला पाठ टेकून स्वतःच्या छातीवर मूठ मारली की...

धप्प.

अख्खं देऊळ छातीसारखं घुमायचं. म्हातारे सांगायचे, ज्या राजाने हे बांधलं त्याची आई गेली तेव्हा त्याला चारचौघांत रडता येईना, म्हणून त्याने ही खोली करून घेतली. खरं-खोटं त्या राजाला माहीत.

थोनकाकाने त्या खोलीचा वेगळाच उपयोग शोधला होता. माणूस हडकुळा, बडबड्या आणि कायम भुकेला. दुपारी मावशीला डबा आणायला उशीर झाला की हा पठ्ठ्या आत जाऊन छाती बडवायचा. दोनदा सावकाश, दोनदा भरभर. तळ्यापलीकडे गावात ऐकू जायचं. बायका मावशीला चिडवायच्या, पळ बाई, तुझ्या नवऱ्याचं पोट वाजतंय. मावशी लाजायची, चिडायची आणि डबा घेऊन पळत सुटायची.

मग ख्मेर रूजची राजवट आली. गावंच्या गावं उठवून लोकांना शेतांवर आणि कालव्यांवर जुंपलं. शहात्तर साली थोनकाकाला बात्तंबांगकडे कालवा खणायला नेलं. मावशीला तेव्हा दिवस गेले होते. ट्रक निघाला तेव्हा त्याची पाठ तिला दिसली, तोंड दिसलं नाही.

त्यानंतर काहीच नाही. निरोप नाही, हाड नाही, कपडा नाही.

राजवट गेली. जगले-वाचलेले परत यायला लागले. मावशी रोज रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बसायची, कडेवर राथा. राथा म्हणजे तिची मुलगी, बापाने न पाहिलेली.

एकदा एक मीठवाला म्हणाला, थोन ना? कपाळावर व्रण असलेला? त्याला मी थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावणीत पाहिला, तांदळाच्या रांगेत उभा होता.

झालं. त्या एका वाक्यावर मावशीने वीस वर्षं काढली.

आता आमच्याकडची रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. पितरांच्या पंधरवड्यात, प्चुम बेन म्हणतो आम्ही, मेलेले सुटून येतात. अकाली गेलेले, बेवारस गेलेले तर सगळ्यात भुकेले. त्यांना उजेड सोसत नाही. म्हणून विहारात त्यांचं नाव घ्यायचं आणि पहाटेच्या अंधारात विहाराभोवती त्यांच्यासाठी भाताचे गोळे टाकायचे. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो सात विहार धुंडाळतो आणि उपाशी परत जातो.

आणि जिवंत माणसाचं नाव घेतलं तर?

त्याचंही आमच्या गावाला ठाऊक होतं. शेजारच्या पेनबाईने नवऱ्याच्या नावाने बारा वर्षं भात टाकला. तेराव्या वर्षी नवरा सरहद्दीवरून हजर, मिशी आणि दुसरी बायको घेऊन. गावाने पोटभर हसून घेतलं. पण वर्षाच्या आत तो साध्या तापाने गेला. लोक म्हणाले, बारा वर्षं मेलेल्यांत जेवू घातलं, मग मरण त्याला शोधत आलंच.

तोवर मावशी मीठवाल्याच्या भरवशावर नाव टाळत होती, त्यानंतर तिने ठरवूनच टाकलं. आई-बापाच्या, भावाच्या नावाने भात टाकायची. थोनचं नाव नाही.

त्या वर्षी पंधरवडा लागायच्या आदल्या संध्याकाळी राथाने तो विषय काढला. मी तेव्हा मावशीकडेच राहायचो, अंगणात सायकल पुसत होतो. राथा बावीस वर्षांची, जीभ आईवर गेलेली.

"लोकांचे बाप जेवून जातात आई. माझा बाप दारोदार फिरत असेल."

"तुझा बाप जिवंत आहे."

"बावीस वर्षं झाली."

"पेनचा आला ना तेरा वर्षांनी?"

"मिशी आणि सवत घेऊन आला."

मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा मिशी घेऊन येऊ दे, सवत घेऊन येऊ दे. दोघांना भात वाढीन. पण माझ्या हाताने त्याला मेलेल्यांत बसवणार नाही."

राथा उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळी जेवून आडवी झाली. झाडाझाडाला झोळ्या बांधलेल्या. मी तर असा झोपायचो की कानाशी ढोल वाजला तरी कूस बदलायचो नाही. मावशी एकटी जागी, चुलीपाशी भांडी घासत होती. आपलं जेवण ती सगळ्यात शेवटी घ्यायची, ते पानात काढून झाकून ठेवलेलं.

हवा पडली होती. किडे किरकिरत होते.

मग किडे थांबले...

धप्प.

मावशीचा हात थांबला.

धप्प... धप्प-धप्प.

दगडांच्या बाजूने. गवतात जिथे मनोऱ्याचे दगड रांगेने पडलेले होते, तिथून.

तिला आधी वाटलं, कुणीतरी मोगरी आपटतंय. पण मोगरीचा आवाज कोरडा असतो. हा ओला होता, आतून आलेला. हातातली राख तशीच घेऊन ती उठली आणि दगडांपर्यंत गेली.

कुणी नव्हतं. गवत कमरेएवढं, कुठे दबलेलं नाही. एका दगडावर तिने हात ठेवला. उन्हात तापलेला दगड असायला हवा तेवढाच गरम होता. पण हाताखाली तो थरथरला. नुकती घंटा वाजून गेल्यावर तिला हात लावावा तसा.

ती तशीच मागे आली. चुमदादाच्या झोळीपाशी थांबली. चुमदादा टोळीतला सगळ्यात म्हातारा पाथरवट. जुन्या कामावर तो थोनच्या जोडीला होता. त्याचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेल्या माणसाचे ओठ असे आवळलेले नसतात.

"दादा, ऐकलंत?"

चुमदादाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"लाकूडतोडे असतील, वहिनी."

डोळे मात्र त्याने उघडले नाहीत.

मावशी जेवायला बसली. पान उघडलं. भात होता तेवढाच होता, मासा होता तसाच होता. पहिला घास घेतला...

चव नव्हती.

मीठ कमी, आंबट कमी, असं नाही. चवच नव्हती. वासही नव्हता. कागद चघळावा तसं लागत होतं. त्याच भांड्यातला भात आम्ही सगळ्यांनी तासाभरापूर्वी बोटं चाटून खाल्ला होता. तिने पान कुत्र्यापुढे ठेवलं. ते कुत्रं एरवी माशाच्या काट्यासाठी चुलीत तोंड घालायचं. ते जवळ आलं, हुंगलं, आणि शेपूट पायात घालून निघून गेलं.

मग हे रोजचं झालं.

रोज दुपारी. टोळी झोपली, किडे थांबले, की तोच आवाज. दोनदा सावकाश, दोनदा भरभर. आणि रोज मावशीच्या एकटीच्या पानातली चव गेलेली.

तिने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हणालो, मावशी, ऊन लागलंय तुला, थोडी पडत जा. तिला राग आला नाही, याचंच मला नंतर वाईट वाटलं.

मग तिने वीराकला विचारलं. वीराक म्हणजे नॉम पेन्हहून आलेला आमचा वास्तुविशारद, पोरगेला, सगळ्यांशी नम्र. त्या मनोऱ्याचा आवाज परत येऊ शकतो का, एवढंच तिने विचारलं. तो तिला मनोऱ्याच्या जागेवर घेऊन गेला. तेव्हा तिथे फक्त जोतं होतं, गुडघाभर उंच. त्याच्यावर आभाळ.

"मावशी, घुमायला चार भिंती लागतात, वर छत लागतं. इथे खोलीच नाही. नसलेली खोली घुमणार कशी?"

मावशीने मान हलवली. पोरगा बरोबर बोलत होता.

दिवस जात राहिले. आणि मावशीच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली.

आवाज बारीक होत होता.

पहिल्या दिवशी तो चुलीपर्यंत दणकून आला होता. आठवड्याने कान द्यावा लागायला लागला. नंतर नंतर दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं. भरभर वाजायचे ते दोन ठोके तर रखडत यायला लागले. मारणाऱ्याच्या हातात बळ राहिलं नव्हतं.

मावशीने त्या राजवटीत उपाशी माणसं पाहिली होती. भुकेने हात कसा गळतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तरी ती नाव घेईना. कामावर ती गप्प झाली. चुलीवर भात लागायला लागला, आम्ही मुकाट्याने खात होतो. राथाला म्हणाली, माझी परीक्षा बघतंय कुणीतरी. मी नाव घेतलं आणि तो तिकडे जिवंत असला तर? राथाने या खेपेला टोमणा मारला नाही. आईचे गाल बसले होते, तिला आईचीच काळजी वाटायला लागली होती.

पंधरवड्याचा शेवटून दुसरा दिवस. त्या दुपारी आवाज आलाच नाही.

मावशी वाट पाहत राहिली. किडे थांबले होते. झाडाचं पान हलत नव्हतं. पण ठोका नाही.

शेवटी तीच उठली. जोत्यावर चढली, जुन्या खोलीच्या जागी उभी राहिली. थोन जिथे उभा राहायचा ती जागा तिला डोळे मिटून सापडली असती. समोर गवत, मागे गवत. तिने मूठ आवळली आणि आपल्या छातीवर मारली.

काही नाही. हाडावर हात आपटल्याचा आवाज, बस.

तिने पुन्हा मारली. आणि बोलली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती.

"असलास तर सांग. मेला असलास तर तसं सांग. मला कळत नाहीये रे."

पाय थकले होते. नकळत ती मागे रेलली, आणि...

तिची पाठ टेकली.

दगडाला. थंडगार, खरखरीत दगडाला. खांद्यापासून कमरेपर्यंत. दोन दगडांमधली बारीक सांधही तिला पाठीला लागली.

तिच्या मागे भिंत नव्हती. ते तिला माहीत होतं. आत्ताच तिने मागचं गवत पाहिलं होतं.

वळून बघायची तिची छाती झाली नाही. डोळ्यांपुढे लख्ख ऊन होतं आणि अंगावर मात्र बंद खोलीतला गारवा उतरत होता. वटवाघळांचा, ओल्या दगडाचा वास. आणि मग अगदी शेजारून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून...

धप्प.

एकदाच. तान्ह्या पोराने थोपटावं इतकं हलकं.

मावशी थांबली. दुसरा ठोका आला नाही. त्याऐवजी श्वास ऐकू आला. मोठं ओझं उचलून ठेवलेल्या माणसाचा असतो तसा, दमलेला. तेवढा एक ठोका देण्यात तो दमला होता.

"आई!"

राथाची किंकाळी. पाठीमागचा दगड गेला. मावशी उताणी जोत्याखाली गवतात पडली.

राथा त्या दिवशी आईला घरी न्यायला म्हणून लवकर आली होती. पायवाटेवरून तिने जे पाहिलं ते ती आजही नीट सांगू शकत नाही. आई जोत्यावर उभी होती. पाय पुढे, अंग मागे कललेलं, डोकंसुद्धा मागे टेकवलेलं. भिंतीला रेलून माणूस उभा राहतो तशी. मागे काहीही नव्हतं. तसं कुणी पळभरसुद्धा उभं राहू शकत नाही, तोल जातो. आई कितीतरी वेळ तशी उभी होती.

राथाने तिला उठवलं. पाठीवरचा सदरा ओला होता. त्याच्यावर शेवाळ्याचा हिरवा डाग होता, आडव्या रेघेत.

मावशी रडत नव्हती. राथाचा हात धरून म्हणाली, "तो उपाशी आहे गं. मी त्याला उपाशी ठेवला."

त्या संध्याकाळी आमच्या घरी भात शिजला. नवा चिकट तांदूळ. मावशीने त्यात तीळ घातले, नारळ घातला, ताडाचा गूळ घातला. एरवी गोळे लिंबाएवढे करतात. तिने मुठीएवढे केले. राथा मदतीला बसली तर तिला करू दिले नाहीत. परात भरली. मावशी रात्रभर त्या परातीशेजारी बसून होती, मी मधे उठलो तेव्हाही.

पहाटे आम्ही तिघं विहारात गेलो. पाऊस नुकताच थांबलेला, पायाखाली चिखल. विहाराच्या पायरीशी आचार बसला होता, पूजा सांगणारा म्हातारा. पुढे मिणमिणती मेणबत्ती. प्रत्येक जण त्याला नावं सांगायचा, तो ती मोठ्याने म्हणायचा, मग पुढचा.

मावशीने आपल्या बापाचं नाव सांगितलं. आईचं. भावाचं.

"आणखी कुणी?" आचारने विचारलं. दर वर्षी विचारायचा. दर वर्षी ती नाही म्हणायची.

मावशी उभीच राहिली. मागे बायका खोळंबल्या. कुणीतरी खाकरलं. राथाने आईच्या पाठीवर हात ठेवला.

"थोन," मावशी म्हणाली. "माझा नवरा."

आचारने मान वर केली नाही. इतरांची नावं ज्या सुरात घेतली त्याच सुरात त्याने तेही नाव घेतलं. थोन. झालं. बावीस वर्षं अडलेली गोष्ट पुरी व्हायला एवढाच वेळ लागला.

मग अनवाणी, अंधारात, विहाराभोवती फेरी. भाताचा गोळा टाकायचा आणि पुढे जायचं. ओल्या जमिनीवर तो पडला की आवाज होतो. पच्च. चहूबाजूंनी तेच. पच्च, पच्च. अंधारात माणसं दिसत नाहीत, हे आवाज तेवढे ऐकू येतात.

मावशीने बापाच्या नावाचा टाकला. पच्च.

आईचा. पच्च. भावाचा. पच्च.

मग तिने हातात तो मोठा गोळा घेतला. नाव पुटपुटली. टाकला...

आवाज आला नाही.

मला वाटलं, गवतात पडला असेल. मी कान दिला. तिने दुसरा टाकला.

नाही.

तिने माझं मनगट धरलं. "ऐकलंस?"

"काय?"

"तेच ना. काही नाही."

मला हसू आलं नाही. आमच्या पुढे-मागे सगळ्यांचे गोळे चिखलात पडत होते. हिच्या हातातून सुटलेला भात खाली येत नव्हता.

तिने तिसरा टाकला, चौथा टाकला. मग ती थांबेना. हात परातीत जायचा आणि बाहेर यायचा. ती हळू आवाजात बोलत होती, जेवायला बसलेल्या माणसाशी बोलतात तसं. सावकाश खा. गूळ जास्त घातलाय, तुला आवडतो म्हणून. उशीर झाला रे. फार उशीर झाला. राथाने गळ्यातल्या पंच्याचा बोळा तोंडात कोंबला होता. ती बापाला पहिल्यांदा जेवताना ऐकत होती, आणि ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

परात रिकामी होत आली. एक गोळा उरला.

मावशीने तो टाकला...

पच्च.

आमच्यापासून वीतभर अंतरावर पडला. मावशीचा हात तसाच पुढे राहिला. मग ती मटकन खाली बसली आणि रडली. बावीस वर्षांत तिने रडून घेतलं नव्हतं, जिवंत माणसासाठी कोण रडतं? त्या पहाटे ती अशी रडली की विहारातले भिक्खू सूत्र म्हणता म्हणता थबकले.

उजाडल्यावर मी जमीन पाहिली. सगळीकडे लोकांचे गोळे पडले होते. आम्ही उभे होतो तिथे बापाचा, आईचा, भावाचा. आणि एक मोठा. बाकीचे नव्हते. विहारातली कुत्री सूर्य उगवेपर्यंत बांधलेली असतात. एखादं सुटलं असेल, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. मुठीएवढा गोळा हवेतच झेलणारं कुत्रं, तेही एकदाही न चुकता. सांगतो आपलं.

त्याच दिवशी मावशीने केस उतरवले आणि पांढरे कपडे घातले. हाडं नव्हती, म्हणून त्याचा जुना क्रामा, गळ्याला गुंडाळायचा तो पंचा, जाळला आणि त्याची राख विहारात ठेवली. चुमदादा त्या विधीला आला, कोपऱ्यात बसला आणि न जेवता गेला. थोनकाकाचं काय झालं हे त्याला माहीत होतं का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. आता तोही नाही.

दुपारचा आवाज थांबला. मावशीच्या पानातली चव परत आली. पण तिने पहिला घास तोंडात घेतला आणि पान बाजूला सारलं, हे मी पाहिलं.

पुढे मनोरा चढला. दगड आपापल्या शेजाऱ्याला सापडले, वर छत मिटलं. खोली पूर्वीसारखी घुमते म्हणतात. मावशी बघायला गेली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कदाचित सुखाने सांगितली असती. थोनकाकाला शांती मिळाली, असं म्हणून मोकळा झालो असतो.

पण गेल्या वर्षी प्चुम बेनच्या दिवसांत मी मावशीकडे जेवायला होतो. ती आता खूप थकली आहे. भात वाढता वाढता मधेच थांबली आणि म्हणाली, "तुला एक विचारू?"

"विचार ना."

"तो आधीच मेलेला होता, की मी नाव घेतलं तेव्हा मेला?"

मी म्हणालो, मावशी, तो आवाज तूच ऐकलास ना? मेलेल्या माणसाचाच होता तो.

"उपाशी माणसाचा होता," ती म्हणाली. "उपाशी तर जिवंत माणूसही असतो. कुठल्यातरी छावणीत, कुठल्यातरी रस्त्यावर. मला हाक मारत असेल. आणि मी विहारात जाऊन त्याला मेलेल्यांत बसवून आले."

मग आठवलं, म्हणालो, "पण तो शेवटचा गोळा पडला ना खाली? त्याचं पोट भरलं, मावशी. म्हणून पडला."

मावशीने माझ्या पानात भात वाढला.

"बावीस वर्षांची भूक," ती म्हणाली. "एका परातीत भरली?"

ती उठून चुलीकडे गेली. माझ्या पानातला भात तसाच गार झाला.